लाल शाईचा आळ

मी एक जुनी रहस्यकादंबरी आहे. नागपूरच्या छापखान्यात जन्मले आणि वर्ध्याच्या एका वाचनालयात वाढले. माझ्या पोटात एक श्रीमंत घर आहे, दुधाचा पेला आहे आणि सासूचा संशयास्पद मृत्यू आहे. मित्रांनो, असलं गुपित पोटात घेऊन जगणारीला स्वस्थता कसली? तरी माझा तोरा होता. लोक माझ्यासाठी नंबर लावत. मला वाचताना त्यांचा चहा गार होई, भाजी करपे आणि मला गुदगुल्या होत.

मग कुण्या खोडसाळाने माझ्या पहिल्याच पानावर लाल शाईने ठळक लिहिलं, 'धाकट्या सुनेने दुधात विष घातलं.' खुनी आधीच कळल्यावर मला कोण नेणार? मी कपाटात धूळ खात पडले. आतल्या आत चडफडत राहिले.

यंदा बोरगाव मेघेच्या मोहिनीने मला घरी नेलं. "लिवणारे काईबी लिवतात," ते लाल वाक्य पाहून ती म्हणाली. मला तिचा फार लळा लागला. तिच्या सासूबाई आनंदाबाई यांना मात्र बारीक छपाई दिसत नसे. मोहिनी कामावर गेली असता त्यांनी मला उघडलं आणि त्यांना वाचता आलं ते तेवढं लाल वाक्यच. मोहिनी त्या घरची धाकटी सून. रोज संध्याकाळी ती सासूबाईंना दुधासोबत रक्तदाबाची गोळी देई.

त्या दिवसापासून दूध मोरीत आणि गोळी गादीखाली जाऊ लागली. मी त्यांच्या उशाशी पडून सगळं पाहत होते. ओरडावंसं वाटे, पण मला तोंड कुठे? अखेर एका सकाळी आनंदाबाई चक्कर येऊन अंगणात पडल्या. त्यांना निजवायला गादी नीट करताना मोहिनीला गोळ्या सापडल्या.

"आई, गोळ्या काऊन नाई घेतल्या?"

"तू असले पुस्तकं वाचून राह्यली. त्यात धाकट्या सुनेनं जहर देल्लं. मले भेव वाटलं वं."

मोहिनीचे डोळे भरून आले. "मी अर्धंच वाचलं, आई. पुढचं मलेही माहीत नाई. आता संगच वाचू."

ती खाटेशी बसून पहिल्या पानापासून मोठ्याने वाचू लागली. तिलाही धास्ती होती. ते लाल वाक्य खरं निघालं तर? मला खरं ठाऊक होतं, म्हणून माझा जीव जास्तच वरखाली होत होता. पानं लवकर उलट गं बाई!

"हा पुतण्या लबाड हाये!" आनंदाबाई मधेच ओरडत.

धाकटी सून निर्दोष निघाली. खुनी कोण, ते मात्र मी सांगणार नाही.

"बिचारीवर फुकटचा आळ घेतला," आनंदाबाई म्हणाल्या. "अन् मी तुह्यावर." मग त्यांनी हात पुढे केला. "आण माही गोळी. दूधही आण."

मित्रांनो, पुस्तकावर कधीही काही खरडू नका, हात जोडून सांगते. एक ओळ मात्र राहू द्या. मला परत करण्याआधी आनंदाबाईंनी त्या लाल वाक्याखाली मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'खोटं हाये. पुरं वाचा.'