टाचण्या तोंडात असताना

ताईंच्या शिलाईच्या दुकानात माणूस माप द्यायला जायचा आणि देवावरचं प्रवचन ऐकून बाहेर पडायचा. हातात कला होती बाईंच्या, खोटं कशाला बोलू? पण तोंडाचा पट्टा थांबेल तर शपथ!

सगळ्यात जास्त छळ झाला धाकट्या भावाचा. बायको गेल्यापासून त्यानं प्रार्थना सोडली होती आणि त्याला परत वळवायचा ताईंनी विडाच उचलला होता. दोन वर्षं समजावून निष्पन्न काय, तर ताई दिसल्या की भाऊ रस्ता बदलायचा. ताईंचा जीव तुटायचा. एकुलता एक भाऊ, तोही हातचा चालला होता.

आता त्याच्या लेकीचं लग्न चार दिवसांवर आलं आणि वाळलेल्या अंगावर कोट लोंबायला लागला. नाइलाजानं आला बिचारा.

ताईंनी भाषण मनात घोळवून ठेवलं होतं. पण सवयीनं दहा-बारा टाचण्या ओठांत धरल्या आणि मग लक्षात आलं, घ्या! आता बोलायचं कसं?

भाऊ आरशासमोर उभा. एवढ्या शांततेत त्यालाच चैन पडेना.

"तुला वाटतं मी देवाला विसरलो," तो म्हणाला.

"हं," ताई टाचण्यांमधून म्हणाल्या.

"अगं, रोज सकाळी सहाला उठून भांडतो त्याच्याशी. हिचा कप समोर ठेवतो आणि विचारतो, एवढी कसली घाई झाली होती रे तुला?"

"हं?"

"उत्तर देत नाही लेकाचा. पण मध्ये तोंडही घालत नाही."

ताईंना चांगलं सणसणीत उत्तर सुचलं होतं. पण भावाचे डोळे भरले होते. त्यांनी उत्तर गिळलं. टाचण्या गिळल्या नाहीत, हे नशीब.

शेवटची टाचणी लागली आणि तोंड मोकळं झालं. आता ताईंचा पट्टा सुटणार, म्हणून भावानं अंग चोरलं.

"मी नाही रे कधी भांडले," ताई म्हणाल्या. "ती गेली तेव्हा मलाही संताप आला होता त्याचा. पण मी आपली लोकांनाच सांगत सुटले. त्याच्याशी धड बोललेच नाही." आणि त्या ढसाढसा रडायला लागल्या.

भाऊ गडबडला. अंगभर टाचण्या, तिला जवळ घ्यायचीही सोय नव्हती. त्यानं लांबूनच तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"उद्या सहाला घरी ये," तो म्हणाला. "दोघं मिळून भांडू. पण आधी माझा नंबर, सांगून ठेवतो."