मोठ्या रेकॉर्डवरचा शेवट

"हे नाही गं, हे नाही," बेव्हर्ली म्हणाली. "हे तोकडं आहे."

वृद्धाश्रमात काम करणारी जॅनिस कमरेवर हात ठेवून टेबलावरच्या त्या गोल बोलक्या डबीकडे बघत राहिली. डबीला नुसतं गाण्याचं नाव सांगायचं की ती वाजवते, याचा जॅनिसला फार अभिमान. तिनं 'पेपर विंटर' सांगितलं होतं आणि डबीनं 'पेपर विंटर'च लावलं होतं. मग बिघडलं कुठं?

"चांगलं चाललंय की! लग्नाआधी याच्यावर किती नाचलेय मी."

"थांब. आता शेवट ऐक."

ड्रम दणदणत होते, ध्रुवपद तिसऱ्यांदा आलं, आणि कुणी रेडिओ उचलून शेजारच्या घरात न्यावा तसं गाणं लांब लांब गेलं आणि ऐकू येईनासं झालं.

"संपलं," जॅनिस म्हणाली.

"संपलं नाही. इथून पुढं मी आहे."

जॅनिसनं तिच्याकडे पाहिलं. करड्या कोटातली साठीला टेकलेली बाई, बार्न्सलीत दातांच्या डॉक्टरांकडे फोन घेणारी. तोंडावर कुणी काही बोलत नाही, पण ही नजर बेव्हर्लीच्या चांगल्या ओळखीची होती. ती गाडीतून रेकॉर्ड प्लेअर आणायला गेली.

गेल्या रविवारी इथंच, त्यांच्या खोलीत, बाबांनी विचारलं होतं. होरेस शिलिटो, वय एक्क्याण्णव, सारा जन्म कोळशाच्या खाणीत गेलेला. तिनं नेहमीसारखा चहा ओतला, बिस्किटाचा पुडा फोडला, तेवढ्यात म्हातारा म्हणाला, "सिरिल गेला. क्लबातलं आता कुणी उरलं नाही. आता फक्त मलाच कळायला हवंय. बेव्ह, तू होतीस का गं त्या गाण्यात?"

इतक्या वर्षांनी! तिला खरं तर राग यायला हवा होता. पण बाहेर गाडीत बसून ती ढसाढसा रडली.

गोष्ट पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यातली. वर्षभराचा संप हरून माणसं मान खाली घालून खाणीत परतली होती. गावात कुणाकडेच मिरवण्यासारखं काही उरलं नव्हतं. होरेसकडे मात्र होतं. त्याची पोरगी रेडिओवर येणार होती.

बेव्हर्ली तेव्हा बावीसची. रविवारी चर्चमध्ये आणि शुक्रवारी कामगारांच्या क्लबात गायची. शेफिल्डच्या एका बँडला गाण्याच्या शेवटाला एक उंच आवाज हवा होता, म्हणून कुणीतरी तिला एका दुपारी स्टुडिओत बोलावून घेतलं. शेवटी सगळी वाद्यं थांबायची आणि ती एकटीच गायची, शब्दांवाचून, वर वर चढत. पहिल्याच दमात तिनं ते असं गायलं की काचेपलीकडची माणसं उठून उभी राहिली. बँडची मुख्य गायिका, केसांचा हा मोठा टोपला असलेली, तिला म्हणाली, "बाई, तू तर माझं गाणंच पळवलंस."

घरी येऊन बेव्हर्लीनं सांगितलं, "बाबा, शेवट ऐका हं. अगदी शेवटी मी एकटीच आहे."

तिला कुठं ठाऊक होतं? रेडिओवाल्यांना धीर नसतो. त्यांच्यासाठी आणि बाजारातल्या छोट्या रेकॉर्डसाठी गाण्याला कात्री लागते, आणि कात्री आधी शेपटीलाच लागते. पूर्ण गाणं मोठ्या रेकॉर्डवर, आणि ती यायची होती दोन महिन्यांनी. यात कुणाच्या मनात वाकडं नव्हतं. तिला कळवायला हवं होतं एवढंच कुणाच्या डोक्यात आलं नाही. एका दुपारपुरत्या आवाजाला कोण कशाला कळवतंय!

होरेस क्लबात करमणुकीचा सेक्रेटरी होता. छोटी रेकॉर्ड निघाल्या दिवशी त्यानं ती आणली आणि क्लबातल्या जूकबॉक्समध्ये, नाणं टाकलं की गाणं वाजवणाऱ्या पेटीत, घातली. मग शनिवारी संध्याकाळी, भर गर्दीत, त्यानं बिंगोचा खेळ थांबवला. त्या क्लबात एकवेळ मयताची बातमी आली तरी आकडे पुकारायचे थांबत नसत. होरेसनं थांबवले. टाय सारखा करून तो माइकवर म्हणाला, "शांतता राखा, मंडळी! गाणं पुरं ऐकायचं, ग्लास वाजवायचे नाहीत. शेवटी आमची बेव्ह आहे."

मंडळी खरंच गप्प बसली. बायकांनी हातातली पेनं खाली ठेवली. बेव्हर्ली नवं जाकीट घालून आईशेजारी उभी होती, कान लाल झालेले. गाणं रंगात आलं, ध्रुवपद आलं, पुन्हा आलं. होरेसनं तिच्याकडे बघून मान हलवली, आता? तिनं मानेनंच सांगितलं, आता. आणि आवाज उतरायला लागला. होरेस पुढं झाला, वाकला, शेवटी जूकबॉक्सच्या काचेला कान लावून उभा राहिला. आत खट्ट झालं, रेकॉर्ड जागेवर गेली आणि दुसरंच गाणं सुरू झालं.

"होरेस," सिरिल ऑग्ली मागून ओरडला, "पोरगी या गाण्यात आहे का रे?"

क्लब हसून हसून लोळला. वर्षभरात माणसं हसली नव्हती, ते सगळं त्या दिवशी हसून घेतलं. बिचाऱ्या होरेसला काचेपासून कान काढायचंही सुचलं नाही.

घरी जाताना त्यानं विचारलं, "बेव्ह, एकच सांग. तू गायलीस का नाहीस?"

"विचारावं लागतंय तुम्हाला?"

"चारचौघांत माझं हसं झालं, पोरी."

"मग त्या चारचौघांनाच विचारा!"

झालं. पुढं कित्येक वर्षं क्लबात कुठलंही गाणं संपलं की कुणीतरी ओरडायचं, "थांबा रे, होरेसची पोर यायचीय अजून!" होरेसही हसायचा. वर्षअखेरीला त्यानं सेक्रेटरीपद सोडलं. आता दगदग सोसत नाही म्हणाला.

मोठी रेकॉर्ड निघाली तेव्हा बेव्हर्लीनं ती घेतली आणि कपाटावर ठेवून दिली. दर रविवारी ती बाबांकडे जेवायला जायची. आई तिला स्वयंपाकघरात गाठून म्हणायची, "आण की गं ती एकदा. पाच मिनिटांत मिटेल."

"मागू देत ना त्यांना. मागितली की आणीन."

आई मग होरेसकडे जायची. तो म्हणायचा, "आणली तर ऐकीन. मी कशाला मागू?"

दोघंही शिलिटो. मोडतील पण वाकणार नाहीत. त्यांच्यामध्ये हेलपाटे घालून घालून आई, एडना बिचारी, एक दिवस गेली. बँडनं बेव्हर्लीला पुन्हा बोलावलं नाही. तिनं गाणं सोडलं ते कधी, हे तिलाही सांगता आलं नसतं. बापाचा विश्वास नाही तर कुणासाठी गायचं, असं सुरुवातीला वाटलं, आणि मग नुसती सवय मोडली. पाच मिनिटांचं काम होतं. रोज करता आलं असतं, म्हणून कधीच केलं नाही.

खोलीत बाबा खुर्चीत बसून होते. गळ्यात टाय.

"सकाळपासून टाय, टाय चाललंय यांचं," जॅनिस म्हणाली. तिनं त्यांच्या दोन्ही कानांतली ऐकायची यंत्रं नीट बसवली आणि दार ओढून घेऊन गेली.

"आणलीस?" बाबांनी विचारलं.

"आणली. बाबा, आता नीट ऐका."

बेव्हर्लीनं सुई टेकवली. तीच केसांच्या टोपल्याची मुख्य गायिका गायला लागली, खालच्या पट्टीत, जरा घोगरं. बाबा पुढं वाकले. पहिलं कडवं निम्मं झालं असेल-नसेल, त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी बोट रेकॉर्डकडे केलं.

"तूच! ही तूच आहेस की गं!"

"बाबा, ही..."

"ओळखला मी आवाज. अगदी एडनासारखा!" त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. "अगं, सुरुवातीपासून तूच होतीस. आणि मी मूर्ख त्या पेटीला कान लावून शेवटाची वाट बघत राहिलो. पोरीला खोटं ठरवलं. माफ कर मला, बेव्ह."

बेव्हर्लीनं तोंड उघडलं. सदतीस वर्षं तिनं हे खरं जपलं होतं. ते आत्ता सांगायचं म्हणजे या टाय लावलेल्या म्हाताऱ्याला पुन्हा त्या पेटीपाशी कान लावून उभं करायचं.

"हो, बाबा," ती म्हणाली. "मीच आहे."

त्यांनी तिचा हात धरला. ध्रुवपदाला तोच हात धरून ते ठेका देत होते, आणि मधूनच म्हणत होते, "सिरिलला सांगायला हवं. जळेल लेकाचा." सिरिल गेल्याचं ते विसरले होते. ती म्हणाली, सांगते.

मग ड्रम थांबले. गिटार थांबली. आणि ती आली. बावीस वर्षांची बेव्हर्ली शिलिटो, एकटी, वर वर चढत. बेव्हर्लीनं हे कैक वर्षांत ऐकलं नव्हतं. चांगलं होतं. आपण समजत होतो त्याहून कितीतरी चांगलं होतं, आणि तिला हुंदका आवरेना.

बाबांचा ठेका थांबला होता. ते इकडेतिकडे बघत होते. म्हातारपणी वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात, असं कानांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. केटलीची शिटी त्यांना ऐकू येत नाही, पाखरं येत नाहीत, हे सगळं बेव्हर्लीला पाठ होतं. आपला आवाजही त्यातच जमा, हे कसं कोण जाणे, तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"संपलं वाटतं," बाबा म्हणाले. "उचल ती सुई. उगाच झिजेल रेकॉर्ड."

आवाज अजून चढत होता. बेव्हर्लीनं तो एक श्वासभर ऐकला. मग बाबांच्या हातातून आपला हात सोडवून घेतला आणि अलगद सुई उचलली.