डावा हात

अमोसनं बंदूक खांद्याला लावली, तशी क्लेलनं तिची नळी पंज्यानं दाबून खाली केली.

"थांब! हात बघ त्याचा. डावा वर आहे."

उतारावरच्या धुक्यातून एक माणूस अडखळत वर येत होता. दोनदा हटकलं तरी त्यानं उत्तर दिलं नव्हतं. तोंड दिसत नव्हतं, कपडे दिसत नव्हते. दिसत होता तो फक्त डोक्यावर धरलेला एक हात. सकाळपासून क्लेलच्या छातीवर बसलेला धोंडा उतरला.

"आला रे म्हातारा," तो म्हणाला. "आता लॉटी मला घरात घेईल."

"घरात घेईल. जेवायला वाढेल असं समजू नकोस," अमोस म्हणाला. "बापाला लढाईला नेणारा नवरा तू."

"मी नेलं? तोच माझ्या मानगुटीवर बसून आला."

कोळशाच्या खाणमालकांनी युनियनच्या लोकांना बायकापोरांसकट घरांतून हुसकून लावलं, दोघांना भर रस्त्यात गोळ्या घातल्या, तेव्हापासून वेस्ट व्हर्जिनियाच्या या डोंगरात जुंपली होती. अलीकडच्या अंगाला खाणकामगार, गळ्यात लाल रुमाल बांधलेले. पलीकडे शेरीफनं गावागावांतून गोळा केलेली माणसं, दंडाला पांढरी पट्टी बांधलेली. क्लेल फ्रान्समध्ये जर्मनांशी लढून आला होता आणि तिथलं शहाणपण इथं वापरत होता. धुक्यात कुणी समोर आलं की विचारायचं, "कुठं चाललास?" त्यानं म्हणायचं, "आईला भेटायला." तसं म्हणाला नाही, तर गोळी.

पंचाईत एकट्या एझ्राची होती. क्लेलचा हा सासरा. जन्मभर खाणीत सुरुंग उडवले आणि त्या सुरुंगांनी त्याचे कान खाल्ले. शेजारी तोफ डागली तरी म्हातारा ढिम्म. घरी बसा म्हटलं, ते त्याला ऐकू आलं नाही. निदान त्यानं तसं दाखवलं. शेवटी क्लेलनंच तोड काढली. एझ्रानं परतताना हात वर करायचा. डावा. दोन्ही नाही, कारण दोन्ही हात वर करतो तो शरण आलेला, आणि आपला सासरा शरण जाणाऱ्यांतला नव्हे. सगळ्या चौक्यांवर त्यानं हे सांगून ठेवलं होतं. स्वतःच्या युक्तीवर तो भलता खूश होता.

आज एझ्रा पोत्यात सुरुंगाच्या कांड्या घालून खाली गेला होता. ओढ्यापलीकडे शेरीफची मशीनगन होती. काल दुपारी तिनं कापून काढलेली माणसं अजून उतारावर पडून होती, त्यांतल्या एकाचं डोकं खांद्यावर राहिलं नव्हतं. ती मशीनगन उडवायची तर एझ्राशिवाय दुसरा माणूस नव्हता. मघाशी खाली गोळ्या झडल्या. स्फोट मात्र झाला नव्हता.

क्लेल चार ढांगांत खाली उतरला आणि त्यानं त्या माणसाला काखेत हात घालून वर ओढलं. माणूस किंचाळला. तो एझ्रा नव्हता.

पस्तिशीचा, गुळगुळीत दाढी केलेला, केसांना सुवासिक तेल लावलेला माणूस होता. उजवा हात दंडात फुटून लोंबत होता, हाड बाहेर आलं होतं. दंडावरची पांढरी पट्टी रक्तानं लाल झाली होती.

"मारू नका," तो म्हणाला. "शरण आलोय मी. दुसरा हात उचलतच नाही हो."

क्लेलनं त्याला फरफटत वर आणून झाडाच्या बुंध्यावर आदळलं. नाव वेंडेल, धंदा न्हाव्याचा, शेरीफनं दवंडी पिटली म्हणून आलो, असं तो न विचारताच सांगत सुटला.

"खाली एक म्हातारा दिसला का?" क्लेलनं विचारलं. "पांढरी दाढी. पाठीला पोतं."

न्हाव्यानं नजर खाली घातली. क्लेलनं बंदुकीचा दस्ता त्याच्या तोंडावर हाणला. दात तुटला, ओठ फाटला.

"बोल!"

"ओढ्याच्या काठी," न्हावी रक्त थुंकत म्हणाला. "चुकून आमच्यासमोरच आला. आम्ही ओरडलो, हात वर. त्यानं एकच केला. दुसरा पोत्यावर होता. पोत्यात काय असतं ते आम्हालाही कळतं हो. मी ओरडलो, दुसरा हात! दुसरा हात वर कर! घसा फुटेस्तोवर ओरडलो. तो एकच हात धरून चालत राहिला."

पुन्हा हाणायला उचललेला दस्ता क्लेलच्या हातात तसाच राहिला.

"थापा मारतोय," अमोस म्हणाला. "बाजूला हो. मी संपवतो."

"कुठला हात?" क्लेलनं विचारलं.

"डावा."

अमोसनं बंदूक खाली केली आणि तो धुक्याकडे बघत उभा राहिला.

या माणसानं एखादी तरी थाप मारावी, असं क्लेलला मनापासून वाटलं. म्हणजे त्याला मारता आलं असतं. मारायला त्याचे हात शिवशिवत होते.

"गोळी कुणी घातली?"

"मी." न्हाव्यानं डोळे मिटून घेतले. "मीच घातली. तेवढ्यात तुमच्या बाजूनं गोळ्या आल्या, मला लागली. आमची माणसं पळाली, मी धुक्यात वाट चुकलो. म्हातारा तिथंच आहे. त्या पोत्याजवळ जायला कुणी धजलं नाही."

अमोस खाकरला.

"लॉटीला सांगू, शेरीफच्या लोकांनी मारलं. खोटं नाही ते."

"नाही," क्लेल म्हणाला. "खोटं नाही."

त्यानं गळ्यातला लाल रुमाल सोडला आणि न्हाव्यासमोर गुडघे टेकले. रुमाल फुटक्या दंडाभोवती गुंडाळून त्यानं असा आवळला, की न्हावी गुरासारखा हंबरला.

"त्याला आणायला मी खाली जातोय," क्लेल म्हणाला. "मरताना काही बोलला का तो?"

"नाही." न्हावी धापा टाकत होता. "पण हसत होता. मला वाटलं, आमची चेष्टाच करतोय. एवढ्या बंदुका रोखलेल्या आणि हा हात वर करून हसतोय. अगदी..."

"अगदी काय?"

"घरी पोचल्यासारखा."

क्लेलच्या हातात रुमालाची दोन्ही टोकं होती. गाठ काही पडेना. शेवटी अमोस खाली बसला, त्यानं ती टोकं क्लेलच्या बोटांतून काढून घेतली आणि गाठ मारली.