धुतलेली माळ

खिळा रिकामा होता.

गुटोर्मने आधी खिळ्याकडे पाहिलं, मग खालच्या फळ्यांकडे, मग पुन्हा खिळ्याकडे. कोठारातल्या काळोखाने डोळ्यांना चकवलं असेल म्हणून हात वर करून चाचपलं. खिळा जागच्या जागी होता, त्याच्या आजोबांनी ठोकलेला. त्यावरची माळ तेवढी नव्हती.

ही माळ म्हणजे काही दागिना नव्हे. बर्चच्या लाकडाचे बोटभर तुकडे एकात एक गुंतवलेले, हातभर लांब. दर खेपेला बिअर फसफसून वर आली की तो दाट फेस या माळेला माखायचा, माळ कोठारात वाळत टांगायची, आणि पुढच्या खेपेला तीच नव्या पिंपात सोडायची. चार पिढ्यांचं विरजण तिच्यावर जगत आलं होतं. परक्या माणसाने ती तपकिरी खरपुडी पाहिली तर नाक मुरडावं. पण घराचा जीव त्या खरपुडीत होता.

आणि आज शनिवार. पुढच्या रविवारी नात तीरिलचं चर्चमध्ये दृढीकरण, म्हणजे वयात येताना श्रद्धेची कबुली देण्याचा विधी, साठ माणसं जेवायला. पहाटेपासून गुटोर्म भट्टीपाशी उभा होता. ज्युनिपरच्या सुवासिक फांद्या घालून पाणी उकळलं, मोड आणून वाळवलेलं जवाचं माल्ट भिजवलं, त्याचा गोड रस तांब्याच्या हंड्यात चार तास आटवला. आता तो रस पिंपात निवून अंगाच्या उबेला आला होता. हीच वेळ विरजणाची. चुकली की हवेतलं काय वाटेल ते त्यात शिरतं आणि सगळं नासतं.

"मारेन!" त्याने अंगणात येऊन हाक मारली. "अगं मारेन!"

"आले, बाबा!" सून धावत आली. मारेन शहरातली. नवरा समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला, म्हणून लेकीला घेऊन याच हिवाळ्यात ती सासरच्या शेतावर राहायला आली होती. तिचे दोन्ही हात पाठीमागे होते आणि चेहरा फुलला होता. "तुम्हाला कसं कळलं? मी उद्या दाखवणार होते!"

तिने हात पुढे केले.

माळ पांढरीशुभ्र होती. तुकडा न् तुकडा लोण्यासारखा चकचकत होता. दोन्ही टोकांना निळी रेशमी फीत.

"टेबलक्लॉथ आणायला किल्ली घेऊन कोठारात गेले तर ही दिसली. किती घाण साचली होती हो! भांड्यांच्या मशीनमध्ये दोनदा घातली, कढत पाण्यात. आईंची असणार ना? तीरिलच्या खुर्चीमागे लावू या, म्हटलं. बाबा? ... बाबा, बसा बसा. काय होतंय?"

गुटोर्म लाकडाच्या ओंडक्यावर मटकन बसला. त्याने माळ हातात घेतली, नाकाशी नेली. लिंबाच्या साबणाचा वास आला.

"पोरी," तो म्हणाला, "हे विरजण होतं गं."

मारेनला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिचा हात आपोआप तोंडावर गेला.

"मग दुसरीकडे कुठे असेलच की! फ्रीजमध्ये? कुणाकडे?"

"कुणाकडे नाही."

"असं कसं? मागच्या घरच्या बाई म्हणत होत्या, इथे एकाचं विरजण बिघडलं की शेजाऱ्याकडून आणतात. मागितलं तर नाही म्हणायचं नाही, अशी रीतच आहे म्हणे."

"रीत आहे," गुटोर्म म्हणाला, आणि मान खाली घातली.

रीत होती, मोडली होती त्याने. वीस वर्षांपूर्वी शेजारचा ओड्वार बरणी घेऊन दारात आला होता. दुकानातल्या पाकिटाच्या नादाने त्या बाबाने स्वतःच्या घरचं विरजण मरू दिलं होतं. गुटोर्मने त्याला उंबऱ्यावरूनच वाटेला लावलं. "घरचं ज्याला सांभाळता आलं नाही, त्याला माझं कशाला?" मग तीच सवय झाली. चुलतभावाला नाही, विद्यापीठातून नमुना न्यायला आलेल्या त्या गोड मुलीलाही नाही. कोठाराला कुलूप लागलं. गेल्या रविवारीच प्रार्थनाघरात म्हातारा प्रवचनकार गात गात सांगत होता, झऱ्याला बांध घातला की पाणी आधी आपल्याच अंगणात कुजतं. गुटोर्मने तेव्हा जोरजोरात मान डोलावली होती. त्याला वाटलं होतं, ते ओड्वारला उद्देशून आहे.

मारेन कधी निघून गेली ते त्याला कळलं नाही. फाटक वाजलं तेव्हा त्याने वर पाहिलं. पुढे ती, डोळे पुसत. मागे लंगडत ओड्वार, बगलेत बरणी.

"तू कशाला आलास?"

"तुझी सून आली माझ्या दारात. रडत होती बिचारी. काय रे, मशीनमध्ये दोनदा?" ओड्वारच्या मिशा थरथरल्या. "एकदा घालून निघालं नसतं, नाही का?"

"हसून घे. पण तुझं ते कुठून तरी आणलेलं विरजण माझ्या पिंपात पडणार नाही. ओल्या मोज्यांचा वास येतो त्याला."

"दर नाताळाला, चारचौघांत, हेच सांगतोस. पाठ आहे मला." ओड्वारने बरणी त्याच्या मांडीवर ठेवली. "आधी झाकण बघ, मग बोल."

झाकणावर रुमाल बांधलेला होता, धुऊन धुऊन विरलेला. कोपऱ्यात लाल दोऱ्याने भरलेली रोवनच्या झाडाची तीन फळं. असे सहा रुमाल त्याच्या बायकोने, गुन्वोरने, लग्नात आणले होते. पाच कपाटात होते. सहावा हरवला म्हणून तिने एकदा अख्खं घर पालथं घातलं होतं; निदान तसं दाखवलं तरी होतं. गुन्वोरला जाऊन तीन वर्षं झाली होती.

"तू मला हाकललंस ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी गुन्वोर तुमचं विरजण या रुमालात बांधून घेऊन आली होती," ओड्वार हळू आवाजात म्हणाला. "म्हणाली, त्याचा हट्ट त्याच्यापाशी, देवाचं देणं अडवणारी मी कोण. आणि म्हणाली, तो आपणहून मागायला येईपर्यंत सांगू नकोस."

"मी कुठे मागायला आलो?"

"नाही आलास. पण सून आली. तुझ्या घरचीच की ती."

गुटोर्म मनात मोजत गेला. वीस नाताळ. वीस वेळा त्याने ओड्वारचा पेला नाकाशी धरून तोंड वाकडं केलं होतं, लोकांना हसवलं होतं. पेल्यात त्याच्या पणजोबांचंच विरजण होतं. आणि गुन्वोर, होती तोवर, प्रत्येक वेळी शेजारी बसून मुकाट्याने भाकरीला लोणी लावत होती.

"बाबा," मारेनने पिंपात कोपर बुडवून पाहिलं, "गार होतंय."

तो उठला. रुमालाची गाठ सुटता सुटेना. आतले वाळके पापुद्रे त्याने पिंपात सोडले. आता ओरडायचं असतं. विरजण घालणाऱ्याने घसा फाडून ओरडायचं, म्हणजे बिअर दमदार होते. गुटोर्मची आरोळी तर फ्योर्डच्या, त्या डोंगरांमधल्या खाडीच्या, पलीकडे ऐकू जायची. त्याने छाती भरून घेतली, तोंड उघडलं. आवाज फुटला नाही. पुन्हा प्रयत्न केला. नुसती हवा.

तेवढ्यात मारेन ओरडली. सकाळपासूनचं सगळं त्या एका किंकाळीत बाहेर आलं. कुत्रं गोठ्यात पळालं आणि छपरावरचे कावळे उडाले. ओड्वारने कानांवरचे हात हळूच काढले.

"ही बिअर माणसं उताणी पाडणार," तो म्हणाला.

सोमवारी सकाळी पिंपावर बोटभर जाड, पिवळसर फेस चढला होता. गुटोर्म वाकला. संत्र्याच्या सालीसारखा, थोडा धुरकट, लहानपणापासूनचा तोच वास. त्याने निळी फीत सोडून खिशात ठेवली आणि पांढरी माळ फेसात बुडवली. मग मारेनला हाक मारली.

"घरातल्या रिकाम्या बरण्या काढ."

"किती?"

"आधी एक, ओड्वारला. त्याचं सगळं आपल्या पिंपात गेलं." तो थांबला. वीस वर्षांत ज्यांना ज्यांना नाही म्हटलं होतं, त्यांची नावं तो मनात आठवत होता आणि यादी संपेना. "सगळ्याच काढ, पोरी. जॅमच्यासुद्धा."