कोपराखालचा रंग

डोळ्यात औषध घालायच्या ड्रॉपरसारखं ते इवलंसं चिन्ह पडद्यावर कमळच्या गालावर येऊन थांबलं होतं, आणि केसरीनाथचं बोट माउसवर तसंच… दाबू की नको. त्याने दाबलं. बाजूच्या चौकोनात रंग उमटला, गव्हाच्या पिठासारखा, जरा गुलाबी झाक असलेला. हा कमळचा रंग नव्हता. दोन वर्षांपूर्वी याच खुर्चीत बसून त्यानेच तो तिला दिला होता.

शुक्रवारी तिचं वर्षश्राद्ध. फ्रेमवाल्या पंढरीला संध्याकाळपर्यंत फोटो पाठवायचा होता. लोकांची लग्नं टिपण्यात तीस वर्षं गेलेल्या माणसाच्या घरात बायकोचा एक धड फोटो नसावा… प्रत्येक ठिकाणी ती वाढत होती, कुणाला तरी हाक मारत होती, नाहीतर पाठमोरी होती. समोरून, हसताना, ती सापडली एकाच जागी – मुलीच्या, मनालीच्या हळदीच्या व्हिडिओत. त्यातून काढलेला फोटो त्याने काल मनालीला पाठवला, तर तिचं उत्तर आलं : "पप्पा, ही आई नाही वाटत."

बाहेर गोडाउनकडे जाणारा कंटेनर वळला आणि राहनाळच्या त्याच्या स्टुडिओच्या गाळ्याची काच थरथरली. फोन वाजला. वळ गावचा हितेश होता, बहिणीच्या हळदीच्या व्हिडिओसाठी.

"केसरीदादा, झाला का?"

"होतंय."

"वैशालीला जरा उजळ मारा हां! सासरची मानसा बगनार हायेत. न्हायतर बोलतील, पोरगी दाखवली येक नि दिली येक."

"आणि तिला प्रत्यक्ष बघतील तेव्हा?"

"तवा काय, लगीन झालेला आसंल!" हितेश हसला. सवयीने केसरीनाथही हसला, आणि फोन ठेवल्यावर ते हसू त्याच्या तोंडात तसंच राहिलं, पान थुंकायला जागा न मिळावी तसं.

उजळ मारणं. त्यात काही अवघड नव्हतं. ड्रॉपरने चेहऱ्यावरचा एक ठिपका उचलायचा, की त्या रंगाचं जे जे काही चित्रात असेल – गाल, मान, हात – ते सगळं धरलं जातं; मग उजळपणाची पट्टी सरकवायची. त्याने अर्ध्या तालुक्याच्या नवऱ्या अशा गोऱ्या केल्या होत्या. मनालीलाही केलं. मग कमळ तिच्या शेजारी फारच काळी दिसायला लागली, म्हणून तिलाही. त्याला वाटलं होतं, आपण तिला काहीतरी देतोय – साडी आणावी तसं.

पण तेव्हाचा ड्रॉपर एकाच ठिपक्याचा रंग उचलायचा. ठिपका जरा इकडे पडला की रंगाचे आकडे वेगळे, सावलीतली कातडी तर धरलीच जायची नाही. कमळ मनालीला हळद लावायला हात उचलते, तिथे कोपराखाली अंगठ्याएवढा भाग तसाच सावळा राहिला होता, आणि हात हलेल तसा तो डाग हलायचा. तासभर खटपट करूनही तो जाईना, तेव्हा चिडून त्याने कंपनीला लिहिलं होतं : एका ठिपक्याने काम होत नाही, चौकोनभर जागेचा सरासरी रंग उचलता आला पाहिजे.

आणि आज सकाळी सॉफ्टवेअर उघडलं तर अपडेटची पाटी. ड्रॉपरला आता चौकोन होता, हवा तेवढा लहानमोठा करता येणारा. पाटीवर लिहिलं होतं : तुम्ही मागितलंत, आम्ही दिलं.

घरच्या टीव्हीवर तो व्हिडिओ लावला होता तेव्हा कमळ पडद्याकडे निरखून बघत होती. मग म्हणाली, "मनालीच्या शेजारची बाई कोन वो ती?" सगळे हसले. तोही हसला. मग ती उठली, टीव्हीपाशी गेली आणि कोपराखालच्या त्या डागावर बोट टेकवून म्हणाली, "ही बगा. येवडी मी हाय."

"तो डाग राहिलाय गं, काढतो."

तिने वळून त्याच्याकडे पाहिलं होतं. काय होतं त्या पाहण्यात… तेव्हा त्याला वाटलं, डाग राहिला म्हणून रागावली. "काडू नका," एवढंच म्हणाली ती, आणि भात बघायला आत गेली. आठवड्याने दुसऱ्या लग्नासाठी डिस्कवर जागा हवी होती, म्हणून त्याने मूळ चित्रीकरण पुसून टाकलं. डाग मात्र कंटाळ्याने तसाच राहिला.

नंतर कावीळ, आणि तिच्यामागून बाकीचं सगळं. दवाखान्यातल्या ट्यूबलाइटखाली ती पिवळी दिसायची. "मनालीची हळद मला लागली वाटतं," असं म्हणायची. आता डोळे मिटले की तो पिवळा दिसतो, डोळे उघडले की हा गुलाबी, आणि मधला, तीस वर्षं शेजारी जेवलेला, झोपलेला… तो मी पाहिलाच नाही. लोकांच्या बायकांचे रंग मला आकड्यांत पाठ होते.

त्याने व्हिडिओ पुढे सरकवला. हात वर जातो – इथे. चौकोन लहान करून त्याने कोपराखाली ठेवला. जुना ड्रॉपर चुकला म्हणून ती तेवढी उरली होती. आजचा असता तर उरली नसती. त्याने दाबलं. रंग आला, गडद, मातकट. पण ही कातडी सावलीतली, वरून मांडवाचे पिवळे दिवे… सावली किती वजा करायची? पट्टी थोडी सरकवली. कमळ वाटली. आणखी थोडी, आणि तीही नाही वाटली. मागे आणली, तर आधीची जागाच सापडेना.

त्याने मनालीला फोन लावला.

"आईचा रंग कसा होता गं?"

"म्हणजे काय? आईसारखा."

"तसं नाही…"

"सगळे बोलतात मी तिच्यावर गेलेय. तुम्हीच बघून सांगा ना, पप्पा. थांबा, मी येतेच चारपर्यंत."

ती येईल. दारातून आत येईल आणि म्हणेल, बघा. त्याने तिलाही गोरं करून टाकलं होतं. तिचा खरा रंगही त्याला आठवून सांगता येईना. त्याने उठून ट्यूब बंद केली आणि खिडकीचा पडदा बाजूला सारला. दुपारचा साधा उजेड टेबलावर, त्याच्या हातावर आला.

मग त्याने वैशालीची फाइल उघडली. हळदीने माखलेली मुलगी कुणाकडे तरी बघून हसत होती. ड्रॉपर न घेता तो तिच्याकडे नुसता बघत राहिला. सवय नव्हती, डोळे सारखे आकड्यांच्या खिडकीकडे जात होते, आणि तो ते परत तिच्या चेहऱ्यावर आणत होता… परत आणत होता.