मी नेमकं कुणाला धरलं?

मी एक प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी. सशाच्या रक्तात जन्मलो आणि बर्फातल्या कुपीतून चितेगावच्या एका औषध कारखान्यात आलो. मेंदूच्या पेशींवर औषध जिथं चिकटतं, त्या जागेला ग्राही म्हणतात. अशा अनेकांतला एकच ग्राही शोधून धरायचा, हे माझं काम. मी धरीन तिथं तपकिरी रंग उमटे.

प्रयोगशाळेत मला सांभाळायची सत्यभामा. विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्याचे दिवस होते. तिच्या वडिलांनी, बन्सींनी, मोर्चात लाठ्या खाल्लेल्या. शहर बंद असलं की कारखान्याची बस येत नसे. मग ती मिळेल त्या ट्रकनं यायची, पण मला कधी बर्फाविना ठेवलं नाही.

उंदराच्या मेंदूच्या कापावर तिनं मला सोडलं. सुरेख रंग आला. प्रमुख सर्जेराव सर हरखले. त्या रंगाच्या भरवशावर नवं औषध करायचं ठरलं. पुण्याहून मोठे साहेब येणार होते. मलाही वाटलं, आपण मोठे कामाचे.

सत्यभामाचं मन मात्र भरेना. हा ग्राही ज्यात मुळीच नसतो, अशा स्नायूच्या कापावर तिनं मला टाकून पाहिलं. तिथंही तसाच रंग.

मी गोंधळलो. मग मेंदूत मी कुणाला धरलं होतं? तिनं काप बदलले, मला पातळ केलं, रंग हटेना. त्याच नावाची दुसरी कुपी आणली, तर त्या कुपीतल्या प्रतिपिंडानं मेंदूतल्या भलत्याच पेशी रंगवल्या. आमच्यात खरं कोण? की कुणीच नाही?

सर म्हणाले, साहेब येऊन जाऊ द्या, मग बघू. काचसामान धुणाऱ्या कडूबाईजवळ सत्यभामा म्हणाली, “बाबाही गप राहा म्हणतात. स्वतः लाठ्या खाल्लेला माणूस.”

“लेकीच्या नोकरीचं भ्या वाटतंय त्याला,” कडूबाई म्हणाली. “तुला काय वाटतं?”

सत्यभामानं दोन्ही काप एका डबीत जपून ठेवले.

साहेब आले. तिनं दोन्ही काप त्यांच्यापुढं ठेवले. “हा मेंदू, हा स्नायू. रंग कशाचा आहे, ते मला सांगता येत नाही.”

सगळे सर्जेरावांकडं बघू लागले. ते म्हणाले, “बाई खरं सांगतात. मला ठाऊक होतं.”

औषधाचं काम थांबलं. सरांची बदली झाली, सत्यभामाला गोळ्यांच्या तपासणीत टाकलं. विद्यापीठाचं नामांतर झालं, तेव्हा ती पेढे वाटून गेली म्हणे. माझा फ्रीजर कुणी उघडला नाही.

अजून तिथंच आहे. उद्या कुणी मला बाहेर काढलं, तर बाबांनो, रंगावर भाळू नका. तो ग्राही जिथं नाही, तिथं आधी नेऊन बघा. खोटं बोलायचं माझ्या मनात नव्हतं. हाताला लागलं ते मी धरलं. ते काय होतं, हे मला अजून कळलेलं नाही.