भट्टीच्या कडीवरची पाटी

मी एक पाटी बोलतेय. शाळेत अक्षरं गिरवायची ती नव्हे, दुकानाच्या दारावर टांगतात ती. एका अंगावर 'उघडे आहे', दुसऱ्या अंगावर 'बंद आहे'. एवढ्या भांडवलावर मी आयुष्य काढलं. पण बसल्या जागी, म्हणजे टांगल्या जागी, माणसं मात्र भरपूर वाचली.

माझा जन्म मालाच्या एका खोक्याच्या फळीतून झाला. माझे पहिले मालक भांड्यांचे व्यापारी. घरी-बाजारी सगळे त्यांना आप्पा म्हणत. रंगारी अक्षरागणिक मजुरी घ्यायचा. तो 'दुकान उघडे आहे' लिहायला बसला, तसे आप्पा म्हणाले, "दुकान आहे ते लोकांना दिसतंय की. तेवढं गाळ."

"मग 'आहे' पण गाळू का?"

"नको. तेवढा रुबाब राहू दे."

तर माझा रुबाब असा घासाघीस करून ठरलेला आहे.

आप्पांचा नेम सोपा होता. सकाळी मला 'उघडे'वर फिरवायचं, दुपारी 'बंद'वर. मग आतल्या बाजूला डबा खायचा आणि घटकाभर आडवं व्हायचं. त्या वेळी हमखास कोणीतरी काचेवर टकटक करी. आप्पा पडल्या पडल्या एक डोळा उघडत आणि मिटत. शेजारच्या शिंप्यानं एकदा टोमणा मारला, "गिऱ्हाईक म्हणजे राजा ना हो, आप्पा?"

"राजाच. पण राजा ताटाशी येऊन उभा राहिला, की घास घशात अडकतो बाबा."

शिंपी हसला, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यानंही दुपारी दार ओढून घेतलं.

पुढे आप्पांचे गुडघे कुरकुरायला लागले. मुलगा नोकरीत रमला होता. जागा मागितली ती सूनबाईनं. "आप्पा, मला मातीची भांडी करायची आहेत. द्याल का दुकान?"

"भांड्यांचंच दुकान आहे ते," आप्पा म्हणाले. "माल बदलला, इतकंच."

चाक आलं, मातीची पोती आली, मागच्या खोलीत विजेची भट्टी आली. पण सूनबाईचा विक्रीचा सगळा व्यवहार मोबाइलवर. त्या दुकानाला दारच नाही, मग पाटी टांगणार कशाला? मी मागच्या खोलीत फळीवर आडवी झाले आणि माझ्या पाठीवर कपांचे ओले कान वाळायला लागले. रुबाब गेला, पण भट्टीसमोरची पहिल्या रांगेतली जागा मिळाली.

खोटं कशाला बोलू, मोबाइलनं तिचं भलंच केलं. कधी न पाहिलेल्या गावांतून मागणी येऊ लागली. आप्पा तोंडात बोटं घालत. "मी जन्मभर एका गल्लीला भांडी विकली. ही गल्ली न ओलांडता मुलखाला विकते."

अडचण एकच. त्या दुकानाला दुपारच नव्हती. चाकावर भांडं निम्मं वर आलेलं असायचं आणि मोबाइल गुरगुरायचा. ही चिखल न लागलेली करंगळी शोधून उत्तर द्यायची, तोवर भांड्यानं मान टाकलेली असायची. एक काका होते. ते रोज 'किंमत?' एवढंच विचारत, उत्तर आलं की 'बरं' म्हणत, आणि काहीही घेत नसत. एका बाईंनी लिहिलं, 'यापेक्षा प्लॅस्टिकचे बरे, फुटत तरी नाहीत.' खाली कौतुकाची रांग लागलेली, पण ही दिवसभर मनातल्या मनात त्या प्लॅस्टिकवालीशी भांडत बसली. त्या दिवशीचे सगळे कप वाकडे. जेवतानाही मोबाइल ताटाशेजारी. नवरा एकदा म्हणाला, "मीपण तिथेच मेसेज टाकू का? मीठ हवं होतं."

अशात चौकात एक कॉफीचं दुकान निघणार होतं. त्याची मालकीण स्वतः येऊन बसली, कप हातात फिरवून बघितला, कानात बोट घालून बघितलं, आणि म्हणाली, "माझ्याकडचे सगळे कप तुमचे हवेत." सूनबाईला मिळालेलं हे पहिलं मोठं काम. ते नीट पार पडलं, तर 'छंद म्हणून करते हो' असं म्हणणाऱ्या नातेवाइकांची तोंडं बंद होणार होती. त्यांच्यासारखंच तिचं स्वतःचं मनही अधूनमधून म्हणायचं, ते वेगळंच.

कप वळले, वाळले, एकदा भाजले, निळी झिलई चढवून पुन्हा भट्टीत गेले. आता भट्टीचा एक नियम असतो. तो शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला ही स्वतःच सांगायची: भट्टी आपली आपण निवू द्यावी. घाईनं झाकण उघडलं, की तापलेल्या भांड्याला गार वारा लागतो आणि ते तडकतं.

पण हिनं आदल्या दिवशीच मोबाइलवर दवंडी पिटलेली: उद्या संध्याकाळी पाच वाजता भट्टी उघडतेय, सगळ्यांनी बघायला या. पाच वाजले. बघणाऱ्यांचा आकडा चढू लागला. भट्टीचा आकडा मात्र उतरायचं नाव घेईना.

आप्पा दारात येऊन उभे राहिले. "निवली का गं?"

"अजून नाही, आप्पा. पण लोक येऊन बसलेत."

आप्पांनी खोलीभर नजर फिरवली. खोलीत चाक, भट्टी आणि मी. "कुठे बसलेत?"

ती हसली नाही. घाम चित्रात दिसू नये म्हणून तिनं पंखा लावला, जाड हातमोजे चढवले आणि झाकण उचललं.

टिंग. पुन्हा टिंग. मग एकामागून एक, कुणी काचेच्या वाट्यांवर चमचा फिरवावा तसं. मोबाइलवर बदामांचा पाऊस सुरू झाला. 'किती गोड आवाज', 'डोळे मिटून ऐकतेय'. तो आवाज झिलईसकट कप तडकण्याचा आहे, हे एकट्या सूनबाईला ठाऊक होतं. तिनं हसऱ्या चेहऱ्यानं सगळ्यांचे आभार मानले, मोबाइल बंद केला, आणि मातीच्या पोत्यावर मटकन बसली.

मग म्हणाली, "खातंच काढून टाकते."

"ढेकूण झाले म्हणून कोणी पलंग जाळतं का?" आप्पा म्हणाले. "गिऱ्हाईक तिथूनच येतं ना तुझं? मग दुकान मोडू नको. दुकानाला वेळ लाव."

"आणि लोक निघून गेले तर?"

"जाणारे जातील. माझ्याकडे दुपारी दार बडवणारे निम्मे लोक नुसता पत्ता विचारायला आलेले असत."

तिनं कॉफीवालीला फोन लावला. झालेलं सगळं सांगितलं. पलीकडून उत्तर आलं, "बघितलं की मी. मला काय ठाऊक? मी तर दोन बदाम पाठवले." मग तिनं विचारलं, "उद्घाटन पुढे ढकलता येत नाही हो. जमेल का?"

"जमवते. पण मधल्या दिवसांत माझा फोन लागणार नाही."

तिनं माझ्या पाठीवरचे कान उचलले, मला ओल्या फडक्यानं पुसलं आणि 'बंद आहे'चा फोटो काढून मोबाइलवर लावला. खाली लिहिलं: 'हात मातीत आहेत. सकाळी काम सुरू होण्याआधी आणि संध्याकाळी हात धुतल्यावर उत्तर देईन.' मोबाइल पुढच्या खोलीत आप्पांच्या ताब्यात गेला.

"वाजला तर?" तिनं विचारलं.

"वाजू दे. मला कमी ऐकू येतं."

सुरुवातीच्या दिवसांत तिचा हात सारखा एप्रनच्या रिकाम्या खिशाकडे जाई. पडलेल्या दाताची जागा जिभेनं चाचपावी तसा. एकानं लिहिलं, 'भाव चढला वाटतं.' काही जण खरंच सोडून गेले. किंमतवाल्या काकांना उत्तरासाठी संध्याकाळपर्यंत थांबावं लागलं. थांबता थांबता त्यांना गरज आठवली असावी, कारण त्यांनी चक्क एक वाडगा मागवला. आणि एका दुपारी चाकावर बसल्या बसल्या ती गुणगुणायला लागली. ते मी या खोलीत पहिल्यांदाच ऐकलं.

नव्यानं वळलेले कप झिलई चढून भट्टीत गेले, तेव्हा तिनं मला सुतळी ओवून, 'बंद आहे' समोर करून भट्टीच्या कडीला टांगलं. 'पुन्हा दाखवणार का?' असं बऱ्याच जणांनी विचारलं. 'निवल्यावर फोटो टाकेन,' एवढंच तिनं कळवलं. या वेळी धीर सुटला तो आप्पांचा. काठी टेकत ते सारखे आत येत. "जरासं किलकिलं करून बघू या का? एकच डोळा लावतो."

सूनबाईनं मला टिचकी मारली.

"माझीच पाटी मला दाखवतेस?"

"तुम्हीच लिहून घेतलीय, आप्पा."

ते पुटपुटत बाहेर गेले. आयुष्यात मला इतका मान कधी मिळाला नव्हता.

भट्टी हाताला कोमट लागली, तेव्हा कॉफीवालीही येऊन उभी होती. झाकण वर गेलं आणि काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. निळे कप ओळीनं बसले होते. सूनबाईनं एकेकाला नखानं वाजवलं. सगळे खणखणीत. तिघांनी मिळून ते कागदात गुंडाळले, खोक्यांत भरले, आणि कॉफीवाली ते गाडीत घालून घेऊन गेली.

तुम्हीही हातानं काही घडवत असाल, आणि तुमचं दुकान त्या चिमुकल्या काचेत असेल, तर माझं ऐका. माझ्यासारखी एक पाटी जवळ ठेवा, दोन्ही अंगांची. नुसती 'बंद'ची ठेवाल तर उपाशी राहाल. नुसती 'उघडे'ची ठेवाल, तर मिळवलेलं खायला वेळ मिळणार नाही.

माझं म्हणाल, तर बरं चाललंय. भट्टीच्या धगीनं एका बाजूचा रंग जरा करपलाय, पण अक्षरं वाचता येतात.

हां, एक राहिलं. गाडी वळणाआड गेल्यावर सूनबाईनं कपाळावर हात मारला. "आप्पा, एकही फोटो काढला नाही."

"कप आहेत तिथे आहेत. उद्घाटनाला जाऊ, कॉफी पिऊन बघू."

उद्घाटनाच्या दिवशी दोघं तशीच बाहेर पडली. मोबाइल आप्पांच्या खुर्चीवर राहिला होता. थोड्या वेळानं तो गुरगुरायला लागला. बराच वेळ गुरगुरत होता. मी काय बोलणार? माझं म्हणणं माझ्या अंगावर लिहिलेलंच आहे.